गैरहजर मोनिका थिटे

१

"मोनिका थिटे! सुमनांजली विद्यालय! हजर असाल तर पुढे या!"

राजगुरुनगरच्या सभागृहात निवडणुकीच्या प्रशिक्षणाला बसलेले निम्मे शिक्षक पेंगत होते आणि उरलेले मोबाइलमध्ये होते. माईकवरचा कर्मचारी तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा कुठे निवेदिता पासलकरने मान वर केली. सुमनांजली म्हणजे तिचीच शाळा. चाकणच्या पुढे, चारी बाजूंनी कंपन्यांच्या भिंती असलेली. तिथे ती चौदा वर्षं विज्ञान शिकवत होती आणि तिथल्या झाडाझाडाला ओळखत होती. मोनिका थिटे नावाची कुणी बाई तिथे नव्हती. कधीच नव्हती.

तिनं शेजारी पाहिलं. शेजारी सलोनी होती, गणिताची. सलोनीनं खांदे उडवले. तिचं ते खांदे उडवणंसुद्धा निवेदिताला ऐटीचं वाटलं, पण ते राहू द्या.

चहाच्या सुट्टीत निवेदितानं मुख्याध्यापकांना, नंदकिशोर सरांना, फोन लावला. "सर, इथे आपल्या शाळेच्या नावावर कुणी मोनिका थिटे पुकारतायत."

"कोण?" सर हसले. "अहो, तालुक्याचा घोळ असणार. दुसऱ्या शाळेची बाई आपल्याकडे टाकली असेल. तुम्ही नका डोकं शिणवू. लहान मूल असलं की बायका ड्यूटीला येत नाहीत, त्यांचंही बरोबरच आहे."

सरांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. निवेदिताला बरं वाटलं. तरी जाता जाता तिनं माईकवाल्याला सांगितलंच, "अहो, त्या बाई आमच्याकडे नाहीत. यादी चुकली तुमची."

"यादी?" तो वैतागला. "मॅडम, दरवर्षी शाळेकडून नावं मागवायचो, तेव्हा तुम्ही निम्मी लपवायचात. या वेळी नावं थेट सरकारी पगाराच्या प्रणालीतून उचललीत. ही बाई तुमच्या शाळेतून दर महिन्याला पूर्ण पगार घेते. नसली तर पगार काय भूत घेतं?"

२

पूर्ण पगार हे दोन शब्द निवेदिताच्या काळजात कसे रुतले हे समजायला तिचं दुखणं माहीत हवं.

निवेदिता 'टप्प्यावरची' होती. म्हणजे शाळेच्या वाढीव तुकडीवर नेमलेली. अशा शिक्षकांच्या पगाराचा काही हिस्साच सरकार देतं आणि उरलेला पुढच्या टप्प्यात देऊ म्हणतं. पुढचा टप्पा यायचा तेव्हा येतो. तेच वर्ग, तेच तास, त्याच वह्या, आणि पगार शेजारच्या खुर्चीवरच्या बाईच्या निम्म्याहून कमी. दोन वर्षांपूर्वी विज्ञानाचे जुने सर निवृत्त झाले. त्यांची जागा पूर्ण पगाराची होती आणि रीतीप्रमाणे ती निवेदितालाच मिळणार होती. तिनं मनातल्या मनात घराचे हप्तेही फेडून टाकले होते. मग श्रावणात एके दिवशी नंदकिशोर सरांनी तिला बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "बाई, वाईट वाटतं सांगायला. सरकारनं जागा गोठवली."

त्याच महिन्यात सलोनी आली. नवी, तरुण, पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारावर. "काय करणार," सर हळूच म्हणाले होते, "संस्थेच्या अध्यक्षांचा, अण्णांचा वशिला."

त्या दिवसापासून निवेदिता जळत होती. याला दुसरा शब्द नाही. सलोनीची गाडी, सलोनीचे इस्त्रीचे ड्रेस, सलोनीचा डब्यातला पनीर. जळायची सवय एकदा लागली की माणूस एकावर थांबत नाही. क्लार्क अवधूतच्या नव्या फोनवर ती जळायची. सरांच्या मुलाच्या, ओंकारच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या दारावर नवरा-नवरीची नावं फुलांनी लिहिलेली कमान होती, तिच्यावरही ती जळली होती, कारण तिचं स्वतःचं लग्न देवळात चाळीस माणसांत उरकलं होतं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सरांनी सुनेला नोकरी लागली म्हणून पेढे वाटले, तो पेढा तिला कडू लागला होता. आणि गेल्या संक्रांतीला सरांच्या घरी हळदीकुंकवाला गेली, तर ती सून, सुप्रिया, तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन म्हणाली, "मी घरीच असते हो, कधी बाहेर पडलेच नाही." घरी बसून खाता येतं एकेकाला, असं म्हणत निवेदिता वाण घेऊन उतरली होती.

थोडक्यात, दुसऱ्याचं सुख तिच्या डोक्यात तारीखवार नोंदलेलं असायचं. आता मोनिका थिटे नावाची एक नवी बाई त्यात येऊन बसली होती, आणि ती दिसतसुद्धा नव्हती. निवेदितानं ठरवलं, हिला शोधायचंच. आणि शोध कुठून सुरू करायचा याबद्दल तिच्या मनात काडीचाही संशय नव्हता. सलोनीपासून.

३

पण आधी पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती ऑफिसात गेली. अवधूत डबा खात होता.

"पगाराच्या प्रणालीत आपल्या शाळेची नावं कोण भरतं हो?"

अवधूतचा घास हातातच राहिला. "मला काय विचारता मॅडम? मला कोण विचारतं? बावीस वर्षं पगार मी काढले. दोन वर्षांपूर्वी सर म्हणाले, अण्णांचा हुकूम आहे, पगाराचं काम तुझ्याकडून काढून घ्यायचं. पासवर्ड बदलला. तेव्हापासून मी दाखले लिहितो आणि घंटा वाजवतो." त्याला खरंच लागलेलं होतं. "बरं, ड्यूटीच्या ऑर्डरींचं सांगू? पाकिटं आली तेव्हा एक जास्तीचं होतं. सगळ्यांदेखत टेबलावर बाजूला ठेवलं, म्हटलं परत पाठवू. डबा धुऊन येतो तर पाकीट गायब."

"ऑफिसात कोण होतं?"

"सर होते. साहेबराव अण्णा आले होते सह्यांना. आणि सलोनीबाई रजेचा अर्ज घेऊन आल्या होत्या."

तीन नावं. निवेदिताच्या कानात एकच शिरलं.

संध्याकाळी ती साहेबराव अण्णांच्या घरी गेली. संस्थेचे अध्यक्ष. ओट्यावर बसून गुरांची पेंड फोडत होते. जवळच त्यांच्या धाकट्या भावाचा गुलाबी बंगला दिसत होता.

"अण्णा, अवधूतकडून पगाराचं काम तुम्ही काढलंत?"

"मी? मला कशाला त्याच्या पोटावर पाय द्यायचाय? मास्तर म्हनले, अवधूतच म्हनतो भार हुतो. म्हनलं मग तुमीच करा."

"आणि सलोनीबाईंना तुम्ही आणलंत?"

अण्णांनी पेंड खाली ठेवली. "कुनी सांगितलं? त्यांना सरकारनं धाडलं. त्यांची शाळा पोरं न्हाईत म्हनून बंद पडली, मग जिथं जागा तिथं पाठिवत्यात. मी तर म्हनलो व्हतो, आदी आमच्या पासलकरबाईंचं करा. मास्तर म्हनले, जागाच न्हाई." मग त्यांनी त्या गुलाबी बंगल्याकडे बोट केलं. "बाई, तुमचा माझ्यावर संशय असंल तर सरळ बोला. त्यो बंगला बघा. भावानं जमीन कंपनीला दिली, मी शाळंला दिली. लई जळलो मी त्या बंगल्यावर. पर आता आठ खोल्यांत दोन मानसं हिंडत्यात. माझ्या शाळंत सातशे पोरं हायती. मला पैसा खायचा असता तर आदीच खाल्ला नसता?"

निवेदिता परत निघाली तेव्हा तिला दोन गोष्टी टोचत होत्या. अवधूत म्हणतो अण्णांनी काम काढलं, अण्णा म्हणतात अवधूतनं टाकलं. कुणीतरी एक खोटं बोलत होतं. पण दोघांचे चेहरे खरे होते.

४

सलोनीला तिनं प्रयोगशाळेत गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"ऑफिसातून ते पाकीट कुणी उचललं?"

"कुठलं पाकीट?"

"उगाच साळसूद बनू नका. पूर्ण पगार घेता, अण्णांच्या वशिल्यानं आलात..."

"वशिल्यानं?" सलोनी एवढ्या मोठ्यानं हसली की काचेची नळकांडी थरथरली. मग तिचे डोळे भरून आले. "निवेदिताताई, माझी शाळा बंद पडली तेव्हा दीड वर्ष मी घरी होते. पगार बंद. नवऱ्याच्या, मिहिरच्या पगारावर घर चाललं आणि सासूबाईंनी घास मोजले. ही गाडी मिहिरच्या कंपनीची आहे. वशिला असता तर मी हिंजवडीजवळची शाळा नसती मागितली? रोज वाकडहून त्या ट्रॅफिकमधून इथे येते मी."

"मग सर तर म्हणाले..."

"सर मलाही म्हणाले." सलोनीनं डोळे पुसले. "पहिल्याच दिवशी. पासलकरबाईंशी जपून राहा, त्या तुमच्यावर तक्रारी करतात. म्हणून तर मी तुमच्याशी कधी बोलले नाही. मला वाटायचं, तुमच्याकडे बघावं. मुलं तुमच्या तासाला खिडकीतून आत येतात, माझ्या तासाला खिडकीतून बाहेर जातात. जळायचे मी."

दोन वर्षं त्या एका टेबलावर डबा खात होत्या आणि एकमेकींना चटणीसुद्धा विचारत नव्हत्या. सर दोघींशीही मऊ बोलले होते. अवधूतशी मऊ बोलले होते, अण्णांशीही. प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव सांगून.

"पण सर कशाला करतील?" निवेदिता पुटपुटली. "आणि मोनिका थिटे कोण?"

त्याचं उत्तर तिला घरी जाताना मिळालं. चाकण चौकात ट्रकांच्या रांगेत तिची स्कूटर अडकली होती. शेजारी मंगल कार्यालय, दारात उद्याच्या लग्नाची कमान चढत होती. शिडीवरचा माणूस झेंडूच्या फुलांनी नाव लिहीत होता. नवऱ्याचं झालं होतं. नवरीचं पहिलं अक्षर लागलं आणि निवेदिताला दुसरीच कमान आठवली. शेवंतीची, पांढरी, तिनं डोळे भरून आणि जळफळून पाहिलेली. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला तरी तिची स्कूटर हलली नाही.

त्या कमानीवर सुप्रिया हे नाव नव्हतंच.

५

रविवारी सकाळी सलोनीच्या गाडीतून दोघी मोशीला सरांच्या घरी गेल्या. गाडीत निवेदिता पहिल्यांदाच बसत होती. एसी गार होता, हे तिनं मनातल्या मनात मान्य केलं.

दार सुनेनं उघडलं. कडेवर मूल होतं.

"मोनिका?" निवेदिता म्हणाली.

त्या मुलीचा चेहरा असा उजळला की निवेदिताला क्षणभर वाईटच वाटलं. "अय्या! तुम्हाला कसं माहीत? गृहप्रवेशाला ह्यांनी ताटातल्या तांदळात सुप्रिया लिहिलं, तेव्हापासून या नावानं कुणी हाकच मारली नाही. माहेरच्या कागदांवर तेवढं राहिलंय. मोनिका थिटे."

"आणि नोकरी?"

"मला?" ती हसली. "बीएस्सी बीएड झाले आहे मी. पण बाबा म्हणतात, बाळ मोठं होऊ दे. खरं सांगू? तुमचा हेवा वाटतो मला. तुम्ही रोज शाळेत जाता."

दोन वर्षं जिनं निवेदिताची जागा अडवली होती, ती तिच्यासमोर उभी राहून तिचाच हेवा करत होती.

तेवढ्यात सर आतून आले. दोघींना बघून थबकले. सून चहा टाकायला गेली आणि निवेदिता बोलू लागली.

"सर, मी फोन केला तेव्हा मी फक्त नाव सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लहान मूल असलं की बायका येत नाहीत. जी बाई तालुक्याचा घोळ आहे, तिला लहान मूल आहे हे तुम्हाला कसं कळलं? मी बोलण्याच्या ओघात सोडून दिलं. मग अवधूत म्हणाला काम अण्णांनी काढलं, अण्णा म्हणाले अवधूतनं सोडलं, आणि दोघांनाही सांगणारे तुम्ही. जास्तीचं पाकीट अवधूतनं सगळ्यांदेखत टेबलावर ठेवलं, त्याच्या पोटात पाप असतं तर त्यानं ते आधीच लपवलं असतं. अण्णांनी पगाराचं काम तुमच्यावरच सोडलं होतं. सलोनीबाईंचं नाव तर तुम्हीच माझ्या डोक्यात भरलंत. उरलं कोण?"

"बाई, तुम्ही दमला आहात..."

"ड्यूटीतून सूट मागायची तर त्या बाईला मूल घेऊन अधिकाऱ्यासमोर जावं लागतं. तुम्ही तिला नेऊ शकला नाहीत, कारण आपण शिक्षिका आहोत हे तिलाच माहीत नाही. म्हणून पाकीट दडवलंत. गप्प बसलं की मिटेल वाटलं. पण सर, पेढे कशाला वाटलेत? सुनेला नोकरी लागली म्हणालात, आणि सून म्हणते मी कधी बाहेर पडले नाही. ज्या महिन्यात माझी जागा गोठली, त्याच महिन्यात तुमच्या घरी पेढे आले. मला दुसऱ्याच्या आनंदाचे पेढे विसरता येत नाहीत, सर. माझी खोड आहे ती."

सर खुर्चीत बसले.

"तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "दहावीला तीनदा बसलेली पोरं बापाची जमीन विकून मोठ्या गाड्यांतून येतात. पाया पडतात, आणि काच वर करून निघून जातात. माझ्या ओंकारला कंपनीनं कामावरून कमी केलं. मी कुणाचं काय वाईट केलं होतं? पहिला पगार जमा झाला तेव्हा वाटलं, आपल्याही घरात काहीतरी आलं. पेढे न वाटता राहवलं नाही." मग त्यांनी मान वर केली, आणि तो मऊ आवाज पुन्हा आला. "पण विचार करा बाई. खातं तिच्या नावावर. सह्या तिच्या, न वाचता केलेल्या. तुम्ही तोंड उघडलंत तर आधी तिला धरतील. त्या तान्ह्या पोराला घेऊन कोर्टात उभी राहील. चालेल तुम्हाला?"

जागा निवेदिताची होती, चौदा वर्षांच्या कामानं कमावलेली. पण ती मिळवायची तर या मुलीच्या अंगावरून जायचं होतं.

दारात कप किणकिणले. मोनिका ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. तिनं ट्रे खाली ठेवला, एकही कप न हिंदकळवता.

"बाबा," ती म्हणाली, "माझं पाकीट कुठे आहे?"

६

दुसरं प्रशिक्षण त्याच सभागृहात होतं. निवेदितानं मधल्या दिवसांत कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सांगावं का, या विचारात तिची झोप गेली होती. रोज सकाळी शाळेत पाऊल टाकताना ती ठरवायची की आज अण्णांकडे जायचं, आणि रोज त्या मुलीचा उजळलेला चेहरा आठवून वर्गावर जायची. सर शाळेत येत होते, कुणाशी बोलत नव्हते. सलोनीनं तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती आणि डब्यात दोघींपुरता पनीर आणला होता.

माईकवर तोच कर्मचारी होता. मागच्या वेळच्या गैरहजरांची नावं त्यानं रागारागानं वाचायला घेतली.

"मोनिका थिटे! सुमनांजली विद्यालय! या वेळी नोटीस निघेल बरं का!"

निवेदितानं डोळे मिटून घेतले.

"हजर."

मागच्या दारातून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. कडेवर मूल, हातात पाकीट, केस विस्कटलेले. मोशीहून दोन बस बदलून आली असावी. रांगांमधून ती सरळ व्यासपीठापर्यंत चालत गेली. मूल रडायला लागलं तसं तिनं ते खांद्यावर घेतलं.

"मीच मोनिका थिटे," ती तिथल्या अधिकाऱ्याला म्हणाली. माईक चालूच होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. "पण मी त्या शाळेत एक तासही शिकवलेलं नाही. माझ्या नावानं पगार निघतो हे मला गेल्या रविवारी कळलं. माझा जबाब लिहून घ्या. सासऱ्यांचं नावही लिहा."

अधिकारी उठून उभा राहिला. "बाई, तुम्ही काय बोलताय कळतंय का? तुमच्यावरच येईल हे."

"येऊ दे. सह्या माझ्याच आहेत." तिनं सभागृहावरून नजर फिरवली, निवेदिता दिसताच थांबली आणि मोकळ्या हातानं तिच्याकडे बोट केलं. "ती जागा त्या बाईंची आहे. तेही लिहा."

सलोनीनं निवेदिताचा हात घट्ट धरला. जिच्यासाठी दोन वर्षं जीव जाळला ती जागा अशी भर सभेत तिच्या नावानं पुकारली गेली होती, आणि निवेदिताला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती त्या मुलीच्या ताठ पाठीकडे बघत होती. आयुष्यात तिनं पुष्कळ जणींचा हेवा केला होता, गाडीचा, पगाराचा, फुलांच्या कमानीचा. पण असा कुणाचाच केला नव्हता.

ती उठली. रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत पुढे गेली आणि मोनिकाच्या खांद्यावरचं रडणारं मूल तिनं आपल्याकडे घेतलं, म्हणजे तिला दोन्ही हातांनी जबाब लिहिता यावा.